कागद खाली, तेल वर : तैलरंग आणि कोलाज यांच्या अंतर्मुख सरावाची आखणी

तैलरंग आणि कोलाज, म्हणजे चिकटवलेल्या कागदांची रचना, एकाच फळीवर आणणाऱ्या चित्रकाराला दोन वेगळ्या गतींशी जुळवून घ्यावे लागते. कापलेला किंवा फाडलेला कागद जागेवर ठेवला की निर्णय लगेच डोळ्यांसमोर येतो. तैलरंगाचा थर मात्र कित्येक दिवस ओला राहतो आणि तेवढे दिवस चित्रकाराला स्वतःच्याच निर्णयाकडे पाहत बसावे लागते. घर, आजारपण, स्थलांतर, एखाद्या माणसाचे जाणे अशा स्वतःच्या आयुष्यातल्या आशयावर काम करणारे अनेकजण या मिश्रणाकडे वळतात आणि त्याचे कारण सहसा विषयाच्या हळवेपणात शोधले जाते. माझ्या मते ते कारण या दोन गतींच्या फरकात आहे. अंतर्मुख सराव ही बव्हंशी वाळण्याच्या काळाची आखणी असते आणि पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने वाचाव्यात.

ही जोडी कोलाजच्या जन्मापासूनची आहे. १९१२ साली पिकासोने एका अंडाकृती कॅनव्हासवर वेताच्या खुर्चीची जाळी छापलेले मेणकापड चिकटवले, बाकीचा भाग तैलरंगाने रंगवला आणि चौकटीच्या जागी भोवती दोर लावला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हॅनोव्हर शहरात कुर्ट श्विटर्सने प्रवासाची तिकिटे, वेष्टने आणि छापील कपटे यांतून चित्रे रचली. आजच्या चित्रकारांत नायजेरियात जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये काम करणाऱ्या न्जिदेका अकुन्यिली क्रॉस्बी यांचे उदाहरण घेता येईल. कौटुंबिक छायाचित्रे आणि नायजेरियन मासिकांतील प्रतिमा त्या कागदावर उतरवून घेतात आणि त्यांच्यासोबत घरातल्या खोल्या, टेबले, माणसे रंगवतात. त्यांचा रंग तैल नसून प्रामुख्याने ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा आणि लवकर वाळणारा, आहे. परंतु खासगी संग्रहातला कागद चित्रात कसा आणावा, हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे. जवळून पाहिले तरच प्रतिमा ओळखू येतात, आणि दुरून त्या भिंतीचा, कपड्याचा किंवा जमिनीचा पोत होऊन राहतात.

सुरुवात कागद जमवण्यापासून करावी, परंतु जमवणे आणि वापरणे यांत मुद्दाम अंतर ठेवावे. बसची तिकिटे, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, शाळेच्या वह्यांची पाने, दुकानाच्या पावत्या, जुन्या दिनदर्शिका असे जे काही हाताशी येईल ते एका खोक्यात टाकत जावे आणि निदान काही आठवडे त्याकडे पाहू नये. खोके उघडल्यावर जो कागद पाहून लगेच भरून येते, तो बाजूला ठेवणे मी अधिक योग्य समजतो. अशा कागदाला चित्राची गरज नसते आणि तो चित्रात गेला की बाकी सर्व घटक त्याचे चाकर होतात. ज्या कागदाचे स्थान आयुष्यात नेमके कुठे होते ते पटकन आठवत नाही, पण जो टाकूनही द्यावासा वाटत नाही, त्याच्यापासून काम निघते.

मूळ कागद सहसा चिकटवू नये. आजीच्या हातचे पत्र एकदा फळीवर गेले की ते परत मिळत नाही, आणि ही भीती मनात असली की हात आखडतो. चांगल्या, आम्लमुक्त कागदावर त्याची प्रत काढावी. टोनर वापरणाऱ्या लेझर छपाईची किंवा झेरॉक्सची प्रत ओल्या माध्यमाने फुटत नाही; साध्या इंकजेट छपाईची शाई मात्र पाण्याचा हात लागताच पसरू शकते. वर्तमानपत्राचा कागद यांत्रिक लगद्यापासून बनत असल्याने त्यात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते आणि उजेडात तो पिवळा व ठिसूळ होतो. हा पिवळेपणाच हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग दहा वर्षांनी चित्र कसे दिसेल हे आपण ठरवलेले नसते. रंग देण्यासाठी आणि फाडण्यासाठी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद उत्तम. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद अनेक चित्रकारांच्या परिचयाचा आहे. त्याची फाटलेली कड तंतुमय आणि मऊ येते, आणि ती कड वरच्या रंगात कात्रीच्या कडेपेक्षा सहज मिसळते.

पत्रे, वैद्यकीय अहवाल किंवा छायाचित्रे वापरताना आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी. त्यात हयात माणसांची नावे, पत्ते, आजार असतात आणि चित्र कधीतरी भिंतीवर लागते. त्या माणसाला विचारणे शक्य असेल तर विचारावे; नसेल तर नावाचा भाग प्रत काढतानाच वगळावा. ते वरच्या रंगाने झाकले जाईल या भरवशावर राहू नये, कारण तैलरंगाचा थर काळाने अधिक पारदर्शक होत जातो आणि खालच्या ठळक अक्षरांची छाया वर येऊ शकते.

खोक्यासोबत वही हवीच. अलिबागजवळच्या नागावला १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे वर्षानुवर्षे टिपणवह्या लिहीत. त्यांत रेखाटने, शब्द आणि वस्तूंविषयीचे विचार शेजारी-शेजारी आढळतात आणि त्यांची एनॅमल रंगातली चित्रे समजून घेताना या वह्यांचा आधार घेतला जातो. आपल्या वहीत मात्र भावनांची वर्णने भरण्याचा मोह टाळावा. तारीख, कोणता कागद कुठून आला, कोणता रंग कोणत्या तेलात मिसळला, आणि त्या दिवशी काय झाकले व काय उघडे ठेवले, एवढे लिहिले तरी पुरते. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. काही महिन्यांनी वही वाचताना आपण नेहमी चेहरेच झाकतो किंवा अक्षरे कधीच झाकत नाही अशी एखादी सवय दिसून येते, आणि अंतर्मुखतेच्या नावाखाली शोधायची गोष्ट तिथे, कोणत्याही वर्णनाशिवाय, लिहिलेली असते.

आता फळी. ताणलेला कॅनव्हास हवेतल्या ओलाव्याने सैल-घट्ट होत राहतो. त्यावर चिकटवलेला कागद त्या हालचालीला साथ देत नाही आणि कडांपाशी सुटू लागतो. म्हणून या कामासाठी कडक पृष्ठभाग घ्यावा. लहान आकारासाठी सहा मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे प्लायवुड चालते. दीड-दोन फुटांपुढे गेल्यास मागून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्यावी. कॅनव्हासचा पोत हवाच असेल तर कापड फळीवर चिकटवून घ्यावे. फळी पॉलिशपेपरने घासून पुसावी, ॲक्रिलिक माध्यमाचा (रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिक द्रवाचा) एक हात देऊन लाकूड बंद करावे, आणि त्यावर ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन पातळ हात एकमेकांना काटकोनात द्यावेत. मागची बाजू आणि कडा यांनाही तोच हात द्यावा. एकाच बाजूने बंद केलेली फळी पावसाळ्यात वाकते. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु कोणत्या आकारात आणि किती वेळ आपण या आशयासोबत राहणार आहोत हे याच कामात ठरते, म्हणून तयार फळ्या विकत मिळत असल्या तरी निदान पहिल्या काही फळ्या स्वतः कराव्यात.

संपूर्ण पद्धतीचा कणा एका नियमात आहे: कागद आधी, तेल नंतर. याचे कारण रासायनिक आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि ही क्रिया महिनोन्‌महिने चालू राहते. उघड्या कागदात हे तेल शिरले तर तंतू तपकिरी, पारभासक आणि शेवटी ठिसूळ होतात. शिवाय वाळलेल्या तैलरंगावर पाण्यातले कोणतेही चिकट माध्यम दीर्घकाळ धरत नाही. म्हणून कागदाचा थर आधी पुरा करावा, तो पूर्णपणे बंद करावा आणि मगच तेलाची बाटली उघडावी.

चिकटवण्यासाठी ॲक्रिलिक मॅट (चकाकी नसलेले) माध्यम सर्वांत सुरक्षित. फेव्हिकॉलसारखा पीव्हीए गोंद सहज मिळतो आणि पकडही चांगली देतो. दीर्घकाळ टिकवायच्या कामासाठी आम्लरहित असा उल्लेख असलेला गोंद निवडावा. गव्हाची खळ हातकागदाला सुंदर बसते, चूक झाली तर ओली करून कागद सोडवताही येतो, परंतु कोकणात किंवा मुंबईत चार महिने हवा दमट असताना खळीवर बुरशी येते आणि कसर लागते, त्यामुळे तिथे ती टाळलेली बरी. कागदाच्या मागे आणि फळीवर, दोन्हीकडे माध्यम लावावे, मधून कडेकडे रबरी रोलर किंवा जुने प्लॅस्टिक कार्ड फिरवून हवा काढावी, वर मेणकागद ठेवून सपाट वजनाखाली रात्रभर राहू द्यावे. जाड कागद आधी किंचित दमट करून घेतला तर सुरकुत्या कमी पडतात.

चिकटवण्याआधी तुकडे नुसते मांडून पाहावेत. येथे घाई आणि संकोच दोन्हींचा त्रास होतो. अनेकजण पहिल्याच बैठकीत रचना इतकी पूर्ण करतात की रंगाला काही करायला उरत नाही. मग रंग केवळ कडा जोडण्याचे काम करतो आणि चित्र सुशोभित चिकटवहीसारखे दिसते. मांडणी झाल्यावर फोनवर छायाचित्र काढावे, सर्व तुकडे उचलावे, आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र न पाहता पुन्हा मांडावे. दोन्ही वेळा जे तुकडे साधारण त्याच जागी आले तेवढेच चिकटवावेत. बाकीच्यांची जागा रंगासाठी रिकामी राहू द्यावी. मोकळ्या जागेची भीती वाटली तरी फळीचा निम्म्याहून अधिक भाग कागदाविना ठेवण्याचा प्रयत्न करावा.

सर्व कागद वाळल्यावर त्यावर मॅट माध्यमाचे दोन हात द्यावेत. फाटलेल्या कडा विशेष काळजीने भराव्यात, कारण तेल तिथूनच आत शिरते. हे थर निदान तीन दिवस वाळू द्यावेत. वाळल्यावर सबंध पृष्ठभागावर पाण्याचे काही थेंब टाकून पाहावे. कागद गडद होत असेल तर तो भाग अजून उघडा आहे.

तैलरंगाचा पहिला थर पातळ आणि कमी तेलाचा असावा, नंतरचे थर क्रमाने अधिक तेलाचे. वरचा थर खालच्यापेक्षा आधी कडक झाला तर तो तडकतो, हे या जुन्या नियमामागचे कारण. रॉ अंबर किंवा बर्न्ट अंबर या तपकिरी मातीरंगांतील मँगनीजमुळे ते लवकर, पातळ लावल्यास एक-दोन दिवसांत, हाताला वाळतात. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम आणि ॲलिझरिन यांना आठवडा किंवा त्याहून अधिक लागू शकतो. म्हणून पहिली बैठक अंबरने करणे सोयीचे. पांढऱ्यासाठी टायटॅनियम घ्यावा. झिंक व्हाइट तेलात काळाने ठिसूळ होतो आणि थर सुटण्याचे निमित्त होतो. कॅमलसारख्या देशी कंपन्यांचे तैलरंग सरावासाठी पुरेसे आहेत. नळीवर ‘आर्टिस्ट’ दर्जा लिहिलेला आहे की ‘स्टुडंट’ एवढे पाहून घ्यावे, कारण दुसऱ्यात रंगद्रव्य कमी आणि भर अधिक असते.

अंबरचा पातळ हात सगळ्या फळीवर, कागदावरूनही, फिरवावा आणि लगेच सुती कापडाने पुसावा. कागदाच्या सुरकुत्यांत, फाटलेल्या कडांत आणि जेसोच्या खाचांत रंग अडकून राहतो, उंचवटे उजळ निघतात, आणि आतापर्यंत वेगवेगळे वाटणारे तुकडे एका उजेडात येतात. मग कोणता कागद मागे ढकलायचा आणि कोणता पुढे ठेवायचा हे ठरवता येते. मागे ढकलायच्या भागावर अपारदर्शक, थंड, मिळमिळीत रंग पॅलेट नाइफने ओढावा. पुढे ठेवायच्या भागावर तेलात विरघळवलेला पारदर्शक थर पुरेसा होतो. झाकलेला भाग ओला असतानाच काही ठिकाणी खरवडून पाहावे. अक्षराचा अर्धा भाग, साडीच्या काठाची एक रेघ, एवढेच परत आले तरी त्याचे वजन सबंध प्रतिमेहून अधिक भरते, असा माझा अनुभव आहे. अर्थात प्रत्येक चित्रात खरवडायला गेले की तीही एक लकब होते.

यानंतर थांबायचे. वासुदेव गायतोंडे यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागेल. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याकडच्या कुटुंबातले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे पुढे दिल्लीत स्थायिक झाले. वर्षभरात ते मोजकीच चित्रे करीत. बराचसा काळ ते काहीही न रंगवता बसून राहत आणि तो काळ कामाचाच भाग मानीत. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर त्यांचा भर होता, आणि कागदाचे फाडलेले-कापलेले तुकडे रंगाच्या संगतीने कॅनव्हासवर दाबून पुन्हा उचलण्याचीही त्यांची पद्धत होती. कागद निघून जातो, त्याने दिलेला आकार आणि पोत उरतो. त्यांच्या चित्रांना कोलाज कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. तरीही कागद शेवटी चित्रात राहिलाच पाहिजे असे नाही, हे कोलाज करणाऱ्यालाच त्यांच्याकडून शिकता येते.

ही उचलण्याची क्रिया सरावासाठी सोपी आहे. ओल्या तैलरंगावर वर्तमानपत्राचा शोषक तुकडा ठेवून रोलर फिरवावा आणि हळूच उचलावा. जादा रंग व तेल कागदात जाते आणि खाली मऊ, धुरकट थर उरतो. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकवणारे हेन्री टाँक्स दिवसाअखेरी अशाच रीतीने विद्यार्थ्यांच्या चित्रांवरचा जादा रंग टिपून घ्यायला सांगत, आणि इंग्लंडमध्ये ही युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उचललेला कागद वाळवून खोक्यात ठेवावा, मात्र तो आता तेलकट झालेला असल्याने टिकाऊ चित्रात न वापरता वहीपुरता ठेवावा.

थांबण्याच्या दिवसांत चित्र डोळ्यांआड करण्याची अनेकांना सवय असते, आणि मनाच्या दृष्टीने ती चांगलीही आहे. परंतु जवसाचे तेल अंधारात वाळताना पिवळे पडते, म्हणून चित्र भिंतीकडे तोंड करून आठवडेच्या आठवडे ठेवू नये. ज्या खोलीत आपण सहसा बसत नाही तिथल्या उजेडात, थेट ऊन न लागता, ते उभे करावे. जाता-येता नजर पडते तेव्हा जे खटकते तेच वहीत लिहावे; मुद्दाम समोर खुर्ची टाकून केलेल्या निरीक्षणापेक्षा ही ओझरती नजर अधिक निष्ठुर असते. एका वेळी तीन-चार फळ्या हाताशी असल्या म्हणजे वाळण्याचा काळ रिकामा जात नाही, आणि एका चित्रात अडलेली गोष्ट दुसऱ्यात नकळत सुटते. पावसाळ्यात थर वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो हे गृहीत धरून जून ते सप्टेंबर हा काळ कागद जमवणे, प्रती काढणे आणि फळ्या तयार करणे यांना द्यावा, असे मी सुचवीन.

तैलरंग झाल्यानंतर एखादा कागद आणावासाच वाटला, तर नियमाला एक वाट आहे. पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक माध्यम लावून पूर्ण वाळवावे, मग चित्रावर त्या जागी अल्किड माध्यम (तैलरंग लवकर वाळवणारे कृत्रिम राळेचे माध्यम) मिसळलेला ताजा तैलरंग पातळ पसरून त्यात तो कागद दाबून बसवावा. अल्किड साधारण दिवसभरात घट्ट होते. हे अपवाद म्हणून ठीक आहे. प्रत्येक चित्रात त्याची गरज भासू लागली तर मांडणीच्या टप्प्यावर पुरेसा वेळ दिला जात नाही असे समजावे.

कामाच्या जागेबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून एकत्र टाकली तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात. ती पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत किंवा बाहेर एकेक पसरून वाळवावीत. टर्पेंटाइन खिडकी उघडी ठेवूनच वापरावे, आणि घरात लहान मूल असेल तर ब्रश तेलानेच धुऊन नंतर साबण लावण्याची सवय करावी.

चित्र संपले की नाही याचा निर्णय वहीवरून करणे सोपे जाते. सलग दोन-तीन नोंदींमध्ये फक्त दुरुस्त्या असतील आणि झाकण्या-उघडण्याविषयी काहीच नसेल, तर काम थांबवावे. अंतिम व्हार्निश पातळ थरांसाठी सहा महिने आणि जाड थरांसाठी वर्षभर थांबूनच लावावे, आणि ते नंतर काढता येण्याजोगे असावे. तोवर फळीच्या मागे कायम टिकणाऱ्या शाईने नोंद करून ठेवावी: लाकूड, अस्तर, गोंद, कागदाचा प्रकार, मूळ की प्रत, रंगांची नावे, वापरलेले तेल आणि प्रत्येक थराचा महिना. उद्या एखादा कागद सुटला किंवा रंग तडकला तर दुरुस्ती करणाऱ्याला याच क्रमाची गरज लागते, आणि पहिली काही वर्षे तो दुरुस्ती करणारा बहुधा चित्रकार स्वतःच असतो.